काळा घोडा महोत्सवाची पार्श्वभूमी : गोठलेलं भाडं, वारशाचे नियम आणि एक रिकामी इमारत

मुंबईच्या फोर्ट भागातल्या काळा घोडा परिसरात कला महोत्सव पहिल्यांदा भरला १९९९मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी परिसरातले रहिवासी, दुकानदार, गॅलऱ्या चालवणारी मंडळी आणि काही वास्तुरचनाकार एकत्र आले आणि त्यांनी एक संस्था काढली. ती काढली होती परिसराची देखभाल करायला. देखभालीला पैसा लागतो, तो उभा करण्यासाठी महोत्सव. आज महोत्सवाचा गाजावाजा एवढा असतो की हा मूळ क्रम बहुतेकांच्या लक्षातून गेला आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. किल्ल्याचे तट १८६०च्या दशकात पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत मोठमोठ्या दगडी इमारती उठल्या. प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १८७९मध्ये बसवला गेला. तो १९६५मध्ये इथून हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. पुतळा गेला तिथं गाड्या उभ्या राहू लागल्या. पुतळ्यातल्या घोड्यावरून पडलेलं ‘काळा घोडा’ हे नाव मात्र लोकांनी सोडलं नाही. स्वार नसलेला नवा काळा घोडा याच वाहनतळावर २०१७मध्ये उभा राहिला.

कलेचीही इथं कधी वानवा नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून आहे, शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्याआधी तीस वर्षांचं. सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. तरीही नव्वदच्या दशकातला फोर्ट थकलेला होता. मोठ्या कंपन्यांची कार्यालयं आधी भराव टाकून केलेल्या नरिमन पॉइंटला गेली, मग वांद्रे-कुर्ला संकुलाकडे. कचेऱ्या सुटल्या की रस्ते ओस पडत. इमारतींच्या कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकलेल्या, वर गंजलेले पत्रे, वायरींची जाळी.

या पडझडीचं खरं कारण सांगताना भाडेनियंत्रणाला वळसा घालून चालत नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या घरटंचाईत ते आवश्यकच होतं, पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं चालला. भाडेकरू जागा सोडेना, मालक दुरुस्ती करेना. मिळणाऱ्या भाड्यात साधं गच्चीचं गळतंही थांबत नसे. व्यवहार पागडीवर, म्हणजे जागेसाठी एकरकमी घेतल्या जाणाऱ्या वरच्या पैशावर चालले. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने ठरवलेलं कमाल भाडं, असं गोठवून ठेवणं अवाजवी ठरवलं. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपणारच होती म्हणून तो रद्दबातल केला नाही. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणाबाहेर गेल्या. फोर्टमधल्या कितीतरी जागा त्यामुळे बाजारभावाकडे सरकल्या.

परिसर सावरायला दुसरा आधार मिळाला तो १९९५च्या वारसा नियमावलीचा. इमारतींची श्रेणीवार यादी झाली आणि सुट्या वास्तूंबरोबर अख्खे परिसरही संरक्षणाखाली आले. महोत्सवाच्या यशाच्या गोष्टीत या दोन कायद्यांना फारसं स्थान मिळत नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. उलट बाजूही आहे: नियमांनी पाडापाडी थांबते, पण पदपथ धुतला जात नाही आणि बंद कारंजं सुरू होत नाही. ते काम परिसरातल्या लोकांनी अंगावर घेतलं. मिंट रोडजवळचं रतनसी मूळजी जेठा कारंजं हा त्याचा चांगला नमुना. मुलाच्या स्मरणार्थ वडिलांनी १८९०च्या दशकात बांधलेलं हे कारंजं संस्थेच्या पुढाकाराने पुन्हा उजळलं.

खरा पेच आहे तो एस्प्लनेड मॅन्शनचा. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्याच रांगेत उभी असलेली ही इमारत म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीस इथं जोडला. ७ जुलै १८९६ला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. हॉटेल बंद झाल्यावर खोल्यांच्या आणखी खोल्या पडल्या. न्यायालयं जवळ असल्याने वकिलांच्या कचेऱ्या, तळाला दुकानं, झेरॉक्सवाले. प्रत्येकाने आपापल्या सोयीने फळ्या ठोकल्या, पोटमाळे चढवले. २००५मध्ये दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळून एकाचा जीव गेला, आणि त्याच वर्षी धोक्यातल्या शंभर जागतिक वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१८मध्ये सज्जाचा भाग पुन्हा पडला. पुढच्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली.

मग पाडायची की वाचवायची, हा वाद पेटला. एका तांत्रिक अहवालाने दुरुस्ती परवडण्यापलीकडची आहे, पाडलेलीच बरी, असं म्हटलं. वारसा जपणाऱ्यांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की ओतीव लोखंडाचा सांगाडा दगड-चुन्याच्या इमारतीच्या निकषांवर तपासता येत नाही; त्याचे भाग एकेक करून काढता, सुधारता आणि बसवता येतात. मला हे म्हणणं पटतं. पण ज्यांची रोजीरोटी तिथं होती त्यांचा प्रश्नही तितकाच खरा आहे: इमारत उभी राहिली तर परत जागा मिळेल का, खर्च कोण देणार? मालक, भाडेकरू, दुरुस्ती मंडळ आणि वारसा समिती या चौघांत हा खर्च अडकला आहे. महोत्सवाच्या मिळकतीतून कारंजं उजळतं; पाच मजली लोखंडी इमारतीची मालकी आणि भाडेहक्क यांचा गुंता त्यातून सुटत नाही.

दरम्यान परिसर बदलला. महोत्सवाचे नऊ दिवस, म्हणजे दोन शनिवार-रविवार, परिसरातला रॅम्पार्ट रो हा रस्ता वाहनांना बंद होतो. कार्यक्रम क्रॉस मैदान आणि हॉर्निमन सर्कलच्या बागेपर्यंत पसरले आहेत. प्रवेश विनामूल्य, त्यामुळे विरार-कल्याणहून येणारी पोरंही फोर्ट आपला मानतात. ही मला सगळ्यात मोठी मिळकत वाटते. मागच्या गल्ल्यांत कॅफे आणि कपड्यांची महागडी दुकानं आली. याच काळात जहांगीरमधलं समोवार हे उपाहारगृह २०१५मध्ये बंद झालं आणि ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६मध्ये. त्याचा दोष महोत्सवावर टाकला जातो तो चुकीचा आहे. समोवारची जागा गॅलरीला परत हवी होती, आणि ऱ्हिदम हाऊसला कॅसेट-सीडीचा बाजार बुडाल्याने टाळं लागलं. पुढे ऱ्हिदम हाऊसचा नवा मालक बँक घोटाळ्यात अडकला, वास्तूवर जप्ती आली आणि मोक्याच्या कोपऱ्यावरची ती जागा वर्षानुवर्षं बंद राहिली.

करोनाकाळातल्या खंडानंतर महोत्सव २०२३मध्ये पुन्हा रस्त्यावर आला. पूर्वी तो फेब्रुवारीत भरत असे, अलीकडे जानेवारीच्या उत्तरार्धातच सुरू होतो. आता मागच्या गल्ल्या वर्षभर फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवाव्यात अशी मागणी आहे, आणि तिथं माल उतरवणाऱ्या दुकानदारांचा तिला विरोध आहे.