स्पुटनिकचा उतरता सूर

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. पुढच्या सोमवारी अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत, विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक रेडिओ लावून बसले. उपग्रहाला काही विचारायची सोय नव्हती आणि रडारही हाताशी नव्हतं. होती ती २० मेगाहर्ट्झजवळची बीप-बीप आणि ती साठवायला टेप.

बीपचा सूर हळूहळू उतरत होता. हा डॉप्लर परिणाम: लहरी सोडणारी वस्तू जवळ येताना वारंवारता चढते, दूर जाताना पडते. उपग्रह सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर धावतो. त्यामुळे येताना वारंवारता जास्तीत जास्त पाचेकशे हर्ट्झने चढलेली आणि जाताना तेवढीच पडलेली मिळते. एवढ्यावरून फार तर वेग कळेल, असं वाटतं. खरी गंमत पुढे आहे.

हॉर्न दाबत जाणाऱ्या एसटीच्या अगदी कडेला उभे असाल, तर सूर झटकन उतरतो. दोन शेतं पलीकडे बांधावर असाल, तर तोच सूर सावकाश उतरतो. म्हणजे उताराची तीव्रता अंतर सांगते! ढोबळ हिशेबात, सूर उतरण्याचा सर्वाधिक दर म्हणजे वारंवारता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले प्रकाशवेग आणि किमान अंतर यांचा गुणाकार. स्पुटनिक ५०० किलोमीटरवरून गेला तर सेकंदाला साधारण साडेआठ हर्ट्झ. १००० वरून गेला तर त्याच्या निम्मे.

प्रत्यक्षात कक्षा सरळ रेष नसते, उपग्रहाची मूळ वारंवारताही नेमकी ठाऊक नसते आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, लहरींना वाकवतं ते वेगळंच. मग कक्षेचा एक अंदाज धरायचा, त्यावरून सुराच्या उताराचा आलेख काढायचा, टेपवरच्या आलेखाशी ताडायचा आणि फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईपर्यंत अंदाज सुधारत राहायचा. ही आकडेमोड पुढे युनिव्हॅक संगणकावर गेली. उपग्रह आपल्या डावीकडून गेला की उजवीकडून, हे मात्र एकटा आलेख जवळजवळ लपवतो. पृथ्वी फिरते आणि ऐकणाराही तिच्यासोबत सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या आलेखांत बारीक फरक पडतो. त्यावरून बाजू ओळखता येते.

मार्च १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या अमेरिकी पाणबुड्यांना समुद्रात हेच हवं होतं. त्यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-दिशादर्शन प्रणाली आली. तिचे उपग्रह दोन वारंवारतांवर बोलत, कारण आयनांबर दोन्हींना वेगवेगळं वाकवतं आणि त्या तफावतीतून त्याची लुडबुड वजा करता येते.