सोलकढी प्यायली म्हणून कर्करोग टळत नाही

"जेवणावर वाटीभर सोलकढी घेतली की आतड्याचा कर्करोग होत नाही," असं रत्नागिरी-मालवणकडे कुणी ना कुणी सांगतंच. हे खरं नाही. एकटा कुठलाही पदार्थ या रोगाला अडवत नाही. वर्षानुवर्षं ताटात काय येतं, ते महत्त्वाचं. नाचणीची भाकरी, कुळीथ, चवळी, पालेभाज्या यांतल्या चोथ्याने मल लवकर पुढे सरकतो, शिवाय त्यातूनच आतड्यातले जिवाणू अस्तराला पोसणारं ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार करतात. उलट सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली कर्करोगकारक ठरवलं. रोजच्या ५० ग्रॅममागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. दारूनेही वाढतो. आणि शौचावाटे रक्त गेलं तर मूळव्याध समजून घरगुती उपायांवर थांबू नका, कृपा करून डॉक्टरांना दाखवा.