काव्यकट्टा (खानदेश)

काव्यकट्टा : नवोदित कवींनी स्वतःची कविता श्रोत्यांपुढे उभे राहून म्हणावी यासाठी पाचसात जणांच्या स्वतंत्र गटाने ठरावीक काळाने भरवलेली बैठक, तसेच ती भरवणारा गट. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे खानदेश, असे शासकीय भूगोल मानतो. बोलीच्या अंगाने पाहिल्यास नाशिक जिल्ह्याचा बागलाण-कळवण-मालेगाव पट्टाही त्यात धरावा लागतो, आणि प्रस्तुत नोंदीत तो धरला आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील ‘कविकट्टा’ वेगळा. तेथे कविता आधी मागवून त्यांतून निवड करतात. काव्यकट्ट्यात निवड नसते, नाव देईल त्याला वेळ मिळतो.

‘कट्टा’ हा शब्द या भागात बाहेरून आला. घरापुढचा तो ओटा आणि झाडाभोवतीचा तो पार, असे येथे म्हणतात. कन्नड ‘कट्टे’शी ‘कट्टा’ या शब्दाचा संबंध जोडला जातो व तो संभाव्य दिसतो. सध्याचा अर्थ मात्र मुंबई-पुण्याची महाविद्यालये आणि वृत्तपत्रे यांच्यामार्फत रूढ झाला असावा. वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांत ‘कट्टा’ म्हणजे गावठी पिस्तूल, त्यामुळे आधी ‘काव्य’ लावणे आवश्यकच ठरते.

उगमाचा प्रश्न : याविषयी तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार काव्यकट्टा हा अमेरिकेतील ‘पोएट्री स्लॅम’चा (श्रोत्यांसमोरच्या कवितावाचनाच्या स्पर्धेचा) दूरचा वंशज होय. मार्क स्मिथ या बांधकाम कामगार कवीने १९८४ च्या सुमारास शिकागोत अशा वाचनांना सुरुवात केली आणि १९८६ मध्ये ती ‘ग्रीन मिल’ या ठिकाणी नेली. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटे, वर दहा सेकंदांची सवलत. वेशभूषा, वाद्य वा वस्तू वापरायची नाही. श्रोत्यांतून निवडलेल्या पाच परीक्षकांनी शून्य ते दहा गुण द्यायचे व त्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण सोडून द्यायचा, हे नियम तेथून सर्वत्र पसरले. भारतात हा प्रकार आधी महानगरांत इंग्रजीतून व नंतर हिंदीतून रुजला. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर त्याच्या चित्रफिती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. काव्यकट्ट्याची वेळमर्यादा, नावनोंदणी आणि एकट्याने माईकसमोर उभे राहणे ही अंगे उघडच येथून आलेली आहेत.

दुसरे मत १९०७ कडे बोट दाखवते. त्या वर्षी जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावला १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. सोळा-सतरा वर्षांचा नवखा कवी, समोर अनोळखी सभा, आणि कवितेची परीक्षा तेथल्या तेथे कानांनी! प्रसंग काव्यकट्ट्याचाच आहे, हे मान्य करावे लागते. तथापि तेव्हापासून आजपर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही. जळगाव (१९३६, १९८४), धुळे (१९४४) व अमळनेर (१९५२, २०२४) येथे झालेल्या साहित्य संमेलनांमुळे कविसंमेलनाची सवय टिकली. पण तेथील मंच प्रस्थापितांचा होता. म्हणून १९०७ हे पूर्वज मानण्यापेक्षा पूर्वोदाहरण मानणे बरे.

तिसरे मत लोकपरंपरेचे. श्रावणातील कानबाईची गाणी, भाद्रपदापासून चालणारी गुलाबाईची गाणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गौराईची गाणी आणि डफावरचे वहीगायन ही सारी मौखिक कविताच आहे. मात्र तिचा कर्ता निनावी असतो आणि ओळ समूह उचलतो. वहीगायनात म्होरक्याने सोडलेली ओळ झीलकरी (मागे ओळ धरणारे साथीदार) झेलतात, तेवढ्यात म्होरक्याला पुढच्या ओळीसाठी श्वास मिळतो. काव्यकट्ट्यावर झीलकरी नसतात. नवोदित तिसऱ्या कडव्यात धापा टाकतो त्याचे कारण बहुधा हेच. गाण्याची चाल त्याच्या कानात असते, पण श्वास घेण्याची जागा त्या चालीत नसते.

या तिन्ही मतांत उर्दू मुशायऱ्याचा वाटा बहुधा गाळला जातो. मालेगाव, भुसावळ आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीतील बऱ्हाणपूर ही मुशायऱ्याची गावे. पहिली ओळ दोनदा म्हणणे, श्रोत्यांनी ‘पुन्हा’ म्हणताच ती परत घेणे आणि दाद मिळेपर्यंत थांबणे या सवयी स्लॅममधल्या नाहीत, कविसंमेलनाच्या द्वारे त्या मुशायऱ्यातून आलेल्या दिसतात. एकंदरीत, साचा पहिल्या मताने सांगितलेला आणि कान तिसऱ्या मताने व मुशायऱ्याने घडवलेला, अशी मांडणी अधिक समाधानकारक वाटते.

बोलीचा प्रश्न : काव्यकट्ट्यावर प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, लेवा गणबोली (लेवा पाटीदार समाजाची बोली), तावडी, गुजरी आणि आदिवासी भाषा ऐकू येतात. जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिशकालीन भाषाभ्यासकाच्या भाषिक सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, ही भिल्ली भाषांसोबत मांडली आहे. मराठी अभ्यासक ती मराठीची बोली मानतात, तर काहींना तिच्यात गुजरातीचा अंश अधिक दिसतो. जनगणना ‘खानदेशी’ स्वतंत्र मोजते व २०११ मध्ये तिचे भाषक सुमारे १८.६ लाख होते. मंचापुरता या वादाचा अर्थ एवढाच की अहिराणी कविता ‘मराठी’ स्पर्धेत बसते की नाही हे आयोजकाला आधी जाहीर करावे लागते. न केल्यास निकालानंतर भांडण ठरलेले.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची भाषा अहिराणी होती असे सर्रास सांगितले जाते. ते चुकीचे आहे. असोद्याच्या या कवयित्रीची बोली लेवा गणबोली. दोन्ही बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोळा–डोया, काळा–काया), म्हणून गल्लत होते. पण षष्ठी वेगळी : अहिराणीत ना-नी, लेवात चा-ची. अहिराणी कवी ‘मन्हा’ (माझा), ‘तुन्ही’ (तुझी), ‘शे’ (आहे), ‘आठे’ (येथे), ‘बठ्ठा’ (सगळा) म्हणतो. लेवा कवी तसे म्हणत नाही. सूत्रसंचालकाने लेवा कवितेचा ‘आता अहिराणी’ असा पुकारा केला की यावल-रावेरकडचे श्रोते तेथल्या तेथे दुरुस्ती करतात. बोलीचे नाव कवीलाच विचारून चिठ्ठीवर लिहून घेणे हा यावरचा साधा उपाय.

बहिणाबाईंनी ओव्या लिहिल्या नाहीत, म्हटल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी व पितांबर चौधरी यांनी त्या उतरवून घेतल्या आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचनेही साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून टिकली. बोललेले टिकते ते शेजारी बसलेल्या लेखनिकामुळे. हे ओळखून काही गट प्रत्येक बैठकीला एक लेखनिक नेमतात. त्याने ‘डोया’चा ‘डोळा’ करायचा नसतो. प्रमाणीकरण केले की यमक तुटते : ‘काया’ आणि ‘माया’ यांचे यमक ‘काळा’ लिहिताच नाहीसे होते. लेखनिकाने कवीच्या तोंडून ओळ पुन्हा वदवून मगच प्रत पक्की करावी, अशी शिस्त आहे. घाईत ती पाळली जात नाही.

बैठकीची रीत : रविवारी दुपारी तीन ते सहा ही सर्वांत चालणारी वेळ. चोपडा, पारोळा, शिरपूर, साक्रीकडच्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींना परतीची शेवटची एसटी गाठायची असते. संध्याकाळी सातला ठेवलेल्या बैठकीत शहरातलेच कवी उरतात. मार्चमधील परीक्षा, कापूसवेचणीचा भर आणि दिवाळीची सुटी या काळात उपस्थिती घसरते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कोणी बसत नाही, तेव्हा वाचनालयाचे सभागृह किंवा शाळेचा वर्ग मिळवावा लागतो.

दोन तासांत बारा ते चौदा कवी नीट ऐकता येतात. प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर कविता सव्वा तासात संपाव्यात, पण पुकारा, चालत येणे, माईकची उंची बदलणे, दाद आणि दोन शब्द प्रस्तावना यांत प्रत्येकामागे आणखी तीन-चार मिनिटे जातात. दोनदा म्हटलेली पहिली ओळही पंधरावीस सेकंद खाते. नावे चिठ्ठीवर घेऊन स्टीलच्या डब्यात टाकतात व क्रम चिठ्ठीने काढतात. त्यामुळे ओळखीचे नाव शेवटी राखून ठेवल्याचा आरोप टळतो. मात्र पहिली चिठ्ठी अगदी नवख्याची निघाली तर तो थंड सभेत उभा राहतो; म्हणून आरंभीची एक कविता गटातल्याच कोणीतरी म्हणावी. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि मान्यवरांची मनोगते यांना फाटा देणे ही स्वतंत्र गटांची खरी ओळख होय. एकदा चार पाहुणे मंचावर बसले की पाऊण तास गेला समजावे, आणि तो नवोदितांच्याच वाट्यातून जातो.

मंचावर येण्याआधीच्या आठवड्यात गटातील एकजण नवोदिताला ऐकून घेतो. या सरावात शिकवण्याच्या गोष्टी थोड्या, पण ठरलेल्या आहेत. थांबे धरून मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द ही वाचनाची सुखाची गती, म्हणजे पाच मिनिटांना साडेचारशे ते पाचशे शब्द पुरतात. नवखे बहुधा दुप्पट मजकूर आणतात. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि आवाजही शेवटीच पडतो. परिणामी ‘आला’ की ‘आला नाही’ हे मागच्या रांगेला कळतच नाही. उपाय म्हणून प्रत्येक ओळीचे शेवटचे तीन शब्द सुटे काढून, खोलीच्या टोकाला बसलेल्याला ऐकू जातील असे दहादा म्हणवून घेतात. श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारायची. कविता मोबाइलवर वाचायची नाही, कारण पडदा मध्येच विझतो, बोट लागले की मजकूर सरकतो आणि चेहऱ्यावर निळा उजेड पडतो. कागद असेल तर अक्षर मोठे व पान कडव्याच्या शेवटी संपणारे असावे. पाठ असेल तर उत्तम. पण पहिली ओळ तळहातावर लिहू नये, घामाने पुसते.

ध्वनियोजना : भाड्याचा साऊंडवाला बहुधा लग्नाचा किंवा भजनाचा असतो आणि त्याच्या मिक्सरवर ‘एको’ (कृत्रिम प्रतिध्वनी) आधीच चढवलेला असतो. गाण्याला तो खुलवतो; बोललेल्या कवितेत मात्र मागचा शब्द पुढच्यावर चढतो. तो शून्यावर आणणे हे पहिले काम. दुसरे, पेट्या (स्पीकर) कवीच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायच्या. माईक पेट्यांच्या पुढे आला की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की नवखा कवी माईकचे जाळीदार डोके मुठीत धरतो, त्याने ती आणखी वाढते. माईक तोंडापासून चार बोटे आणि किंचित तिरका हवा, म्हणजे प, फ, भ यांचा फुत्कार सरळ जाळीवर आदळत नाही. अहिराणीत ‘व्हता’, ‘व्हयी’सारखी रूपे वरचेवर येतात, तेथे हा तिरकेपणा जास्त लागतो. मिक्सरवर खालचे स्वर कापण्याची कळ असल्यास ती दाबावी. पंख्याची घरघर त्याने बरीच जाते. बिनतारी माईकला नवे सेल घालावेत. वीज गेल्यास थांबू नये, श्रोत्यांना पुढे बोलावून माईकविना चालू ठेवावे. चाळीस-पन्नास श्रोते असतील तर त्याने काही बिघडत नाही. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो.

पैसा आणि मोडतोड : बहुतेक गट नोंदणी करत नाहीत. सोसायटी म्हणून नोंदणीला किमान सात सदस्य लागतात (१८६० चा कायदा), शिवाय सार्वजनिक न्यास कायद्याखाली दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो; ही कटकट नको असते. मग वर्गणी एकाच्या वैयक्तिक खात्यात जमा होते आणि दीड-दोन वर्षांत संशय उभा राहतो. प्रत्येक बैठकीनंतर जमा-खर्चाचा कागद गटाच्या सामायिक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे हा बिनखर्चाचा बंदोबस्त.

पैशापेक्षा जास्त गट चित्रफितींवरून फुटतात. चॅनेलचा पासवर्ड एकाकडे असतो, तो गट सोडतो आणि तीन वर्षांच्या कविता त्याच्याबरोबर जातात. पासवर्ड दोघांकडे असावा आणि मूळ फाइल कवीला त्याच आठवड्यात द्यावी. चित्रण करण्यापूर्वी लेखी संमती घेणे विशेषतः मुलींच्या बाबतीत महत्त्वाचे. घरी न सांगता आलेली मुलगी पहिल्या बैठकीत मोकळेपणाने म्हणते, चित्रफीत गावात फिरली की दुसरीला येत नाही. म्हणून काही ठिकाणी पहिला अर्धा तास ‘मोबाइल खाली’ असा ठेवतात, टोपणनाव चालते, आणि चित्रण हवे असणाऱ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या असतात.

नंदुरबारकडील रीत : येथे भिल्ली, मावची, पावरी व कोकणी (कोकणा आदिवासींची, गोव्याची नव्हे) या भाषांतील कविता मंचावर येते. श्रोते सरमिसळ असल्याने कवितेआधी दोन वाक्यांत मराठी सारांश सांगतात. सारांश नंतर सांगितल्यास दाद सारांशाला मिळते, असा अनुभव आहे.