हिवाळी सुगंध : निवड आणि वापर

हिवाळी सुगंध म्हणजे थंडीच्या दिवसांत अंगाला किंवा कपड्यांना लावण्यासाठी निवडलेली अत्तरे आणि परफ्यूम. व्हॅनिला, अंबर, अगरू, चामडे, गरम मसाले असे ठरावीक वास या नावाखाली सांगितले जातात. ती यादी चुकीची नाही, अपुरी आहे. कुपीत काय आहे याइतकेच ते कोणत्या तापमानाला उडणार आहे, यावर थंडीतले अत्तर जमते किंवा फसते. थंडीत माणूस एकाच दिवशी दोन हवामानांत वावरतो : बाहेरचा गारठा आणि बंद खोलीतली ऊब. निवड खोलीकडे पाहून करावी, कारण वास घेणारी माणसे तिथेच जवळ बसलेली असतात.

गारठ्यात वासाचे काय होते

द्रव्याचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचले तरच वास येतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की बहुतेक सुगंधी द्रव्यांचा बाष्पदाब, म्हणजे हवेत उडण्याचा जोर, साधारण निम्म्यावर येतो, सावकाश उडणाऱ्यांचा त्याहूनही खाली. मनगटाची त्वचा एरवी ३२-३३ अंशांच्या आसपास असते. गार वाऱ्यात उघडी राहिली तर ती २५ च्याही खाली जाते. म्हणजे लावलेले अत्तर तेवढेच, हवेत मात्र जवळपास निम्मेच. त्यात गार हवेने नाक चोंदलेले किंवा गळत असले, की उरलेसुरलेही हुकते.

लिंबू, संत्रे, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचे एक सुवासिक फळ) यांचे सगळे आकर्षण पहिल्या उसळीत असते. गारठ्यात ती उसळी बसते, आणि उबेत शिरल्यावर उरलेला ऐवज काही मिनिटांत उडून जातो. व्हॅनिला, राळ, कस्तुरी यांचे उलटे. भर उन्हात ही द्रव्ये एकदम सुटतात आणि गुदमरवतात. थंडी त्यांना लगाम घालते आणि कपड्यांखालची ऊब त्यांना हळूहळू सोडत राहते.

अशा द्रव्यांना ‘जड’ म्हणायची पद्धत आहे, पण हे जडपण वजनाचे नव्हे. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार १३६, टोन्का बियांतल्या कूमरिनचा १४६, जवळपास सारखेच. तरी लिमोनीन १७६ अंशांना उकळते आणि कूमरिन ३०० च्या आसपास. कूमरिनचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, एवढाच फरक. दिवसभर टिकणारा वास आणि पाऊण तासात विरणारा वास यांतले अंतर बव्हंशी या धरून राहण्याचे आहे.

द्रव्ये आणि त्यांची नावे

परफ्यूमच्या खोक्यावरचे ‘अंबर’ बहुतेक वेळा कोणतीही एक वस्तू नसते. सिस्टस झुडपाची लॅब्डॅनम नावाची राळ, बेंझॉइन ही दुसरी राळ आणि व्हॅनिलाच्या वासाचे मूळ द्रव्य व्हॅनिलिन यांच्या मिश्रणाला ते नाव पडले आहे. पिवळ्या खड्याशी त्याचा संबंध रंगापुरता, आणि देवमाशापासून मिळणारे अंबर ही तिसरीच चीज : खारट, किंचित प्राणिज, बरेच कोरडे. गोड उबदार अंबर हवे असेल तर पहिला अर्थ धरावा.

मराठी वाचकाची खरी फसगत ‘ऊद’ या शब्दावर होते. निखाऱ्यावर टाकतात तो आपला ऊद म्हणजेच वर आलेले बेंझॉइन. वास गोडसर, व्हॅनिलाच्या जवळचा. परफ्यूमवर लिहिलेला ऊद अरबी वळणाचा. तो म्हणजे अगरू, अक्विलेरिया झाडाला बुरशी लागल्यावर लाकडात साठणारी राळ. त्याचा वास काळपट, औषधी, काही नाकांना गोठ्यासारखा. धुपाचा वास मनात धरून अगरूची कुपी घेणाऱ्याला पहिल्या फवाऱ्यालाच धक्का बसतो.

व्हॅनिलिन १८७४ मध्ये आणि कूमरिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. आजच्या गोड हिवाळी परफ्यूमचा पाया त्या दोन द्रव्यांनी घातला. १९२५ साली बाजारात आलेले गर्लँ या फ्रेंच कंपनीचे ‘शालिमार’ अजूनही या जातीचा नमुना मानतात. त्याची सुरुवात मात्र भरघोस बर्गमॉटने होते. थंडीत लिंबूवर्गीय वास चालतच नाहीत असे नाही. त्यांच्याखाली धरून ठेवणारे काही असावे लागते.

चंदन, देवदार आणि पॅचौली बाराही महिने चालतात, थंडीत त्यांची बाजू जास्त खुलते. वाळा हे नाव थंडाव्याचे वाटते, पण त्याच्या मुळांचे तेल सर्वांत सावकाश उडणाऱ्या तेलांपैकी आहे आणि धुरकट लाकडी मिश्रणात ते गारठ्यातही छान बसते. दालचिनी, लवंग, वेलदोडा, केशर यांपैकी एखादा मसाला पुरे. तीन एकत्र आले की मिश्रण डब्यातल्या मसाल्यासारखे लागते. सगळे गोड-उबदारच हवे असाही नियम नाही. आयरिस या फुलझाडाच्या मुळाचा पावडरी वास, लोबान, पाइन यांत एक कोरडा गारवा असतो. कोरड्या थंडीत तो साखरेपेक्षा सभ्य वाटतो.

तीव्रता

कलोनमध्ये सुगंधी अर्क साधारण २ ते ५ टक्के, ईडीटीत (ओ द त्वालेत) ५ ते १५, ईडीपीत (ओ द पर्फ्यूम) १५ ते २०, आणि नुसते परफ्यूम किंवा एक्स्ट्रे म्हणतात त्यात २० ते ३० टक्के असतो. हे आकडे ढोबळ आहेत, उत्पादकागणिक बदलतात. थंडीत ईडीपी बरे पडते. टक्केवारी वाढली की वास दूर जातो, हा मात्र गैरसमज. एक्स्ट्रे बहुधा अंगाजवळ राहते आणि जास्त टिकते. तसेच एकाच नावाचे ईडीटी आणि ईडीपी पुष्कळदा वेगळ्या मिश्रणांचे असतात, त्यामुळे एक हुंगून दुसरे घेऊ नये. तेलातले अत्तर त्वचेवर आणखी सावकाश सुटते. कपड्यांखाली त्याचे एक-दोन थेंब पुरतात.

लावण्याची रीत

कोरड्या त्वचेवर वास लवकर विरतो आणि थंडीत त्वचा कोरडीच असते. म्हणून अंघोळीनंतर अंग टिपून बिनवासाचे लोशन किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावावा, पाचेक मिनिटे थांबावे आणि मग १५-२० सेंटिमीटरवरून फवारावे. छातीवर दोन, मानेमागे एक. मिनिटभर वाळू द्यावे, मग कपडे चढवावेत. छातीवरची जागा मुद्दाम निवडलेली आहे. ती दिवसभर उबदार राहते आणि कोट किंवा स्वेटर काढला की वास एकदम मोकळा होतो. मनगट वाऱ्यावर गार पडते आणि हात धुताना धुतलेही जाते. मनगटे एकमेकांवर घासल्याने रेणू ‘तुटतात’ असे सांगतात, ते खरे नाही. घर्षणाच्या उबेने पहिला वास जरा घाईत उडतो, इतकेच.

लोकर वास दिवसचे दिवस धरून ठेवते. सोमवारी मफलरवर मारलेले अगरू शुक्रवारच्या गुलाबात मिसळते, आणि दोन्ही ओळखू येईनासे होतात. एका मफलरला एकच वास, तोही आतल्या बाजूने. फिक्या शालीवर किंवा रेशमावर व्हॅनिलाचे परफ्यूम फवारू नये : व्हॅनिलिन हवा-उजेडात तपकिरी होते आणि डाग सहसा जात नाही. कुपीतले परफ्यूम काही महिन्यांत गडद होते तेही यामुळेच. तेवढ्यावरून ते खराब झाले असे समजू नये.

कुठे चुकते

सर्वांत नेहमीची चूक घराच्या दारात होते. बाहेर पडताना वास जाणवत नाही म्हणून आणखी तीन फवारे मारले जातात. अर्ध्या तासाने गाडीत, लिफ्टमध्ये किंवा बैठकीच्या खोलीत सगळे मिळून सुटतात. स्वतःला ते कळतही नाही, कारण नाक १५-२० मिनिटांत त्या वासाला सरावलेले असते. काहींना तर कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार मुळातच जाणवत नाहीत. मात्रा ठरवताना हातभर अंतरावरच्या दुसऱ्या माणसाला विचारावे.

दुसरी चूक निवडतानाची. दुकान उबदार असते, तिथे कागदी पट्टीवर पाच मिनिटांत आवडलेला वास गारठ्यात तसा राहत नाही. एका वेळी तीनच वास पाहावेत, त्यातला एक कोपराच्या आतल्या बाजूला लावावा आणि बाहेर पडावे. वीस मिनिटे गार हवेत, मग उबेत, मग चार तासांनी असा तीनदा तो हुंगावा. थंडीत टॉप नोट (पहिला वास) रेंगाळते आणि बेस नोट (शेवटी उरणारा वास) उशिरा येते, म्हणून इथे घाई नडते. दरम्यान कॉफीच्या बिया हुंगण्याने काही साधत नाही. साध्या हवेत दोन श्वास घेतले तरी तेवढेच होते.

भेगाळलेल्या त्वचेवर काहीच लावू नये. अल्कोहोल झोंबते, शिवाय दालचिनीतील सिनॅमल आणि लवंगेतील युजेनॉल संवेदनशील त्वचेवर पुरळ उठवू शकतात. अशा वेळी कपड्याचे अस्तर बरे.

कुपी हीटरजवळ किंवा खिडकीत न ठेवता बंद कपाटात ठेवावी. गारठ्याने परफ्यूम ढगाळले तर खोलीच्या तापमानाला तासभर ठेवल्यावर बहुधा निवळते. शुद्ध गुलाबतेल २० अंशांच्या खाली गोठू लागते आणि त्यात पांढरे स्फटिक दिसतात. ते भेसळीमुळे नव्हे, तेलात मुळातच असलेल्या मेणासारख्या घटकांमुळे. बाटली तळहातात धरली की ते पुन्हा पातळ होते. गरम पाण्यात बुडवू नये.