घराची गरज अन् घराची मागणी, दोन्ही आकडे एकच समजू नका

गावात इतके अर्ज आले म्हणजे इतकी घरं लागतात, असं ग्रामसभेत सरळ ठोकून देतात लोक, अन् हिशेब तिथंच चुकतो. अर्ज आले ती मागणी. गरज म्हणजे कोण कसल्या घरात राहायलंय ते, मग त्यानं अर्ज केलेला असो नसो.

गरज बघायची तर दारात जावं लागतं. आपल्याकडची जुनी माळवदं, जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं अन् मातीचा थर, बाहेरून बघितलं की वाटतं घर मजबूत आहे, पण पावसाळ्यात आत जागोजागी पातेली मांडलेली असतात, अन् 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींखाली माणसं गेली. दुसरी गोष्ट, दोन भावांची लग्नं झालेली, लेकरंबाळं, म्हातारी आई, सगळे दोन खोल्यांत, पण रेशन कार्ड विभक्त केलेलं नाही, मग कागदावर एक कुटुंब अन् घरात चुली दोन. ही गरज कुठल्याच यादीत येत नाही.

प्रधानमंत्री आवास ग्रामीणची पहिली यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणावरून काढली, त्यात बेघर अन् कच्च्या भिंती-कच्चं छत असलेली एक-दोन खोल्यांची घरं धरली, म्हणजे मुळात गरज बघूनच. त्यातून सुटलेल्यांसाठी आवास प्लसचा सर्वे झाला, तीच आपली 'ड यादी'. नंतर आवास प्लस 2024 चं ॲप आलं, त्यात माणसाला मोबाईलवरून स्वतःच सर्वे भरायची सोय दिली. सोय चांगली आहे, पण ज्याच्याकडं धड फोन नाही तो मागं राहतो अन् गरजेचा सर्वे हळूहळू मागणीचा होऊन बसतो.

सगळ्यात जास्त मला टोचतं ते ऊसतोड मजुरांचं. बीड-जालन्याकडची टोळी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या आसपास निघाली की पाच-सहा महिने उसाच्या फडावर, कोपीत, म्हणजे झोपडीत. गावातल्या घराला कुलूप. तेवढ्यात कुणी सर्वेला आलं तर कुलूप बघून पुढं जातं. ज्याला घर सगळ्यात आधी पाहिजे त्याचीच मागणी शून्य दिसते!

शहरात गणित उलटं. म्हाडाच्या लॉटरीला अर्ज करायचा तर अनामत रक्कम भरावी लागते, उत्पन्नाचा गट बघितला जातो, नंबर लागला तरी बँकेनं कर्ज दिलं तरच घर. म्हणजे तिथं ऐपत असलेल्यांचीच मागणी मोजली जाते, वाळूजच्या एमआयडीसीत खोली भाड्यानं घेऊन राहणारा कंत्राटी कामगार त्यात येतच नाही. बरं, एकच माणूस दोन-तीन योजनांत अर्ज टाकतो, म्हणून अर्जांचा ढीग म्हणजे तेवढी कुटुंबं असंही नाही. अन् कामापासून लांब बांधलेली घरं उरतात ती 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणून विकावी लागतात. घरं रिकामी पडली म्हणजे शहरात गरज नाही असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे, जागा अन् किंमत चुकली एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून दोन्हीला इलाजही वेगळा. मागणी असली तर घर कुठं, केवढं, हप्ता किती बसतो हे बघून बांधायचं. गरज असली तर अनुदान अन् जागा. घरकुलाला सपाट भागात 1,20,000 रुपये अन् किमान 25 चौरस मीटरचं घर, पण पायाखाली स्वतःची जागाच नसली तर मंजुरीचा कागद घेऊन माणूस करणार काय? गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं हेच होतंय. दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत 1 लाखापर्यंत मदत मिळते, गावोगाव आधी ती माहिती पोचली पाहिजे.

पुढच्या ग्रामसभेत एवढं तरी विचारा, सर्वे कोणत्या महिन्यात झाला, कुलूपबंद घरं किती होती, अन् एका कार्डावर किती चुली आहेत. उत्तर तोंडी घेऊ नका, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घ्या, म्हणजे टोळ्या उन्हाळ्यात परतल्या की त्याच घरांवर परत जाता येईल.