मागच्या चाकांचं अंतर: जुना ट्रॅक्टर आणि आपली सरी

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, संकेश्वर, रायबाग या पट्ट्यात जुना मॅसी नाहीतर महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर अजून शेतात राबताना दिसतो. त्याची मागची चाकं आत-बाहेर करता येतात. तरी बहुतेक ट्रॅक्टरांवर त्यांचे नट वर्षानुवर्षं एकाच मापाला गंजलेले असतात. ही सोय उभ्या पिकासाठी आली होती, म्हणून ती अशी पडून राहिलेली पाहवत नाही.

सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगरटीचे आणि मळणीचा पट्टा फिरवायचे. कोळपणी जनावरांकडंच राहिली. अमेरिकेत मक्याच्या ओळी साधारण ४० ते ४२ इंचांवर असत, कारण मधून घोडा जायचा. १९२४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं उंच पोटाचा फार्मॉल ट्रॅक्टर आणला आणि यंत्र पहिल्यांदा पिकावरून चालू लागलं. पण सगळ्या पिकांच्या ओळी सारख्या नसतात. मग १९३२ च्या फार्मॉल एफ-१२ वर मागची चाकं एक्सलवर सरकवायची सोय झाली. १९४८ साली ॲलिस-चाल्मर्सनं तर इंजिनाच्याच जोरावर चाक रिमवर सरकवून दाखवलं.

आपल्याकडं पोचली ती मात्र हॅरी फर्ग्युसन या इंजिनिअरची युक्ती. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनवर रिम वेगळी, मधली डिस्क वेगळी. डिस्क खोलगट, आणि डिस्क जोडायचे रिमचे कान मध्यावर नसून एका अंगाला. रिम उलटी-सुलटी, डिस्कचा खोलगटपणा आत किंवा बाहेर, डिस्क कानाच्या या बाजूला किंवा त्या बाजूला, अशी आठ मापं निघतात: ४८ पासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी. जादा लोखंड नाही, जादा खर्च नाही. माझ्या मते शेतकऱ्याच्या खिशाचा इतका विचार फार थोड्या यंत्रांत झाला आहे. चाक उलटलं की टायरची नक्षीही उलटते, म्हणून डावं चाक उजवीकडं जातं; हे विसरलं तर चिखलात पकड राहत नाही.

मॅसी ३५ वर हीच मापं आली. चेन्नईत मॅसी बनवणारी टॅफे कंपनी १९६० ला उभी राहिली, महिंद्रानं १९६३ ला इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून बी-२७५ आणला. तोवर इथली सगळी मापं बैलजोडीची होती: कुरी, कुळव, कोळपं, आणि लोखंडी नांगरसुद्धा, जो किर्लोस्करांनी १९१० ला किर्लोस्करवाडीला जाण्याआधी बेळगावातच बनवायला घेतला होता.

उसाची जुनी सरी तीन फुटांच्या आसपास. एका ओळीच्या दोन्ही बाजूंनी चाकं न्यायची तर ३६ इंच लागतात, आणि सगळ्यात आतलं माप ४८. पण दोन ओळी पोटाखाली घेतल्या तर ७२ इंच बरोबर बसतात, तेही ऊस गुडघ्याखाली असेपर्यंतच. मग उसाला माती चढवायची मोठी बांधणी बैलांवर राहिली, आणि बैल कमी झाले तशी सरीच रुंदावली: चार फूट, साडेचार, पाच. अमेरिकेत यंत्रानं ओळीचं माप घेतलं. आपल्याकडं शेवटी ओळीनं यंत्राचं घेतलं. पाच फुटी सरीला ६० चं माप नेमकं जुळतं, चार फुटीला ४८. साडेचार फुटीला ५२ किंवा ५६, म्हणजे प्रत्येक चाक एक इंच इकडं-तिकडं.

पुढचा एक्सलही याच हिशोबात तुकड्यांचा केलेला आहे. मागचं माप बदलून पुढचं तसंच ठेवलं, तर पुढची चाकं सरी सोडून वरंब्यावर चढतात.