काळा, तांबडा, पिवळा : हॅरॉल्ड थॉमस आणि झेंड्याची मालकी

ऑस्ट्रेलियात सरकारी इमारतींवर राष्ट्रध्वजाशेजारी आदिवासींचा झेंडा दिसतो. तो एका चित्रकाराने चळवळीसाठी काढला आणि जवळपास ५० वर्षं कायद्याने त्याच्याच मालकीचा होता. सगळा गुंता तिथून सुरू झाला.

हा चित्रकार म्हणजे हॅरॉल्ड थॉमस. ते लुरित्जा या आदिवासी समाजातले, जन्म अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा. आदिवासी मुलांना घरातून उचलून मिशनच्या वसतिगृहांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवायचं, हे तेव्हाचं सरकारी धोरण. थॉमसही लहानपणीच असे अ‍ॅडलेडला पोहोचले. १९६९ साली तिथल्या कलाशाळेतून पदवी घेऊन ते म्युझियममध्ये चित्रकार म्हणून लागले.

जुलै १९७१मध्ये राष्ट्रीय आदिवासी दिनाला अ‍ॅडलेडच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये झेंडा पहिल्यांदा फडकला. रचना कोणालाही घरी शिवता येईल इतकी सोपी. लांबी-उंची ३:२, दोन समान आडवे पट्टे, मध्ये पिवळा गोल, त्याचा व्यास उंचीच्या निम्मा. ९० सेंमी उंचीच्या झेंड्यात गोल ४५ सेंमीचा, वर-खाली साडेबावीस सेंमी मोकळे. काळा पट्टा माणसांचा, गोल सूर्याचा, तांबडा मातीचा आणि विधींत वापरायच्या गेरूचा. तांबडा वर गेला की झेंडा उलटा लागला समजा. ही चूक नेहमीची.

१९७२ साली कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर आदिवासींनी तंबू ठोकून 'दूतावास' थाटला. तिथे आधी वेगवेगळे झेंडे लागले, टिकला हा. १९९४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४०० मीटर जिंकल्यावर आदिवासी धावपटू कॅथी फ्रीमनने तो घेऊन फेरी मारली, तेव्हा पथकप्रमुखांनी तिला समज दिली. पुढच्याच वर्षी सरकारने झेंड्याला अधिकृत मान्यता दिली.

मान्यता मिळाली, कॉपीराइट मात्र थॉमस यांच्याकडेच राहिला. इतर दोघांनीही रचनेवर दावा सांगितला होता; १९९७ साली फेडरल कोर्टाने थॉमस यांनाच कर्ता ठरवलं. इथे फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे वारली चित्रांना २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन समूहाचं असतं. कॉपीराइट कलाकाराचा, आणि तो परवाना देऊन दुसऱ्याच्या हाती सोपवता येतो. थॉमस यांनी २०१८ साली कपड्यांवर झेंडा छापण्याचा परवाना एका बिगर-आदिवासी कंपनीला दिला. त्या कंपनीच्या नोटिसा फुटबॉल लीगला गेल्या, तशाच आदिवासींच्या छोट्या व्यवसायांनाही. आपलाच झेंडा टी-शर्टवर छापायला पैसे? 'झेंडा मोकळा करा' ही मोहीम त्या रागातून उभी राहिली. पण चित्रकाराने आपल्या कामाचा मोबदला घेऊ नये, असं म्हणणंही मला पटत नाही.

मधल्या काळात थॉमस चित्रं काढतच होते. आईपासून हिरावलं जाणारं मूल दाखवणाऱ्या चित्राला २०१६ साली आदिवासी कलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२२मध्ये सरकारने परवान्यांसह कॉपीराइट २ कोटी ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतला. आता झेंडा अंगावर, भिंतीवर, मैदानावर कुठेही फुकट काढता येतो. विक्रीसाठी कापडी झेंडे बनवण्याचा परवाना तेवढा अजून एकाच उत्पादकाकडे आहे. स्वतःपुरता शिवायला हरकत नाही.